प्रवासांतला दिवा

सायंकाळीं रायगडाचे दरवाजे लागले आणि हिरकणी गवळण गडावर अडकली. तान्हें मूल खालीं घरीं होतें म्हणून ती रात्रीं कडा उतरून गेली, ही आख्यायिका महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? सांगणाऱ्यांपैकीं कित्येक जण ती रात्र कोजागिरीची होती, असेंही सांगतात. खरेंखोटें इतिहासकारांनीं ठरवावें. परंतु ज्या कोणीं ह्या कथेंत पौर्णिमेचें चांदणें घातलें, त्याला डोंगराची चांगली ओळख असली पाहिजे. अमावास्येच्या रात्रीं तो कडा उतरणें ही गोष्ट कथेंतसुद्धां पटण्यासारखी नाहीं.

ह्या कथेचा आजच्या विषयाशीं संबंध चांदण्यापुरताच आहे. चांदण्याचा उजेड किती थोडा आणि तरीही किती उपयोगी असतो, हें ध्यानांत आल्यावांचून प्रवासासाठीं दिवा नीट निवडतां येत नाहीं. तें कसें, हें पुढें ओघानें येईलच.

शहरांतल्या मनुष्याला खरा काळोख माहीतच नसतो. रस्त्यावरचा दिवा, समोरच्या खिडकींतला उजेड, दुकानांच्या पाट्यांचा झगमगाट ह्यांमुळें त्याची रात्र कधीं पुरतेपणीं होतच नाहीं. म्हणून गडावर, रानांत किंवा हिमालयांतल्या एखाद्या वाटेवर जावयाचें ठरलें म्हणजे बूट, पाठीवरची पिशवी, पावसाळी कोट, खाण्याचे जिन्नस ह्यांच्या याद्या होतात, त्यांवर घरांत चर्चा झडते, आणि दिवा मात्र निघण्याच्या आदल्या रात्रीं आठवतो. मग कपाटाच्या तळाशीं पडलेली जुनी विजेरी बाहेर निघते. तिच्यांतला सेल पाझरून स्प्रिंगवर पांढरट थर बसलेला असतो. “असूं दे, मोबाइल आहे ना,” असें म्हणून ती पुन्हां कपाटांत जाते.

मोबाइलवर ठेवलेला हा विश्वासच पुष्कळ वेळां घात करतो. समजा, चार जणांची एक तुकडी हरिश्चंद्रगडावरून तोलार खिंडीच्या बाजूनें खिरेश्वराकडे उतरत आहे. दिवस थंडीचे, सहा वाजून गेल्यावर उजेड भराभर ओसरतो. एकाचा पाय मुरगळल्यामुळें तुकडीला उशीर झाला आहे. दिवसभर छायाचित्रें काढून आणि वाटेचा नकाशा पाहून मोबाइलची वीज पाव हिश्शावर आली आहे. आतां त्याच यंत्रानें वाट दाखवावयाची, त्याच यंत्रावरून ११२ ह्या क्रमांकावर मदत मागावयाची आणि घरच्या माणसांना निरोपही त्यानेंच द्यावयाचा. शिवाय तें हातांत धरावें लागतें, म्हणजे खडक धरावयास एकच हात उरतो. आणि तें गुळगुळीत यंत्र हातांतून सुटलें तर उजेड, नकाशा आणि निरोप हीं तिन्हीं एकदम दरींत जातात. मोबाइलचा दिवा चार हातांपलीकडे पसरून जातो, त्याला झोत नसतो, हा दोष त्या मानानें किरकोळच म्हणावयाचा. जेथें चूक झाली असतां जीवावर बेतूं शकतें, तेथें एका वस्तूवर तीन कामें टाकूं नयेत, एवढा व्यवहार तरी पाळला पाहिजे.

पूर्वींच्या प्रवाशाला हा मोह नव्हता. कोंकणांत रात्रीं वाट चालणारा मनुष्य माडाच्या सुक्या चुडतांची चूड पेटवून एका हातांत घेई आणि दुसऱ्या हातांत काठी ठेवी. देशावर टेंभे व मशाली असत. पुढें वाऱ्यानें न विझणारा कांचेचा कंदील आला. अमेरिकेंतल्या डिट्झ कंपनीचे कंदील इकडे इतके रुळले कीं, कंपनीचें नांव हेंच कंदिलाचें नांव होऊन बसलें. कराडजवळच्या ओगलेवाडींत ओगले काच कारखान्यानें काढलेला प्रभाकर कंदील हा तर स्वदेशीच्या अभिमानाचा विषय होता, आणि तो जुन्या घरांच्या माळ्यांवर अजूनही सांपडतो. कंदिलाचा एक गुण आजच्या कोणत्याही दिव्याला साधलेला नाहीं : तो कानाशीं धरून हलविला कीं, आंत तेल किती आहे हें कळतें. पण कांच फुटते, तेल सांडतें, आणि कापडी तंबूंत पेटता कंदील ठेवणें म्हणजे आग व विषारी वायु ह्या दोहोंना आमंत्रण देणें होय. मेणबत्तीचेंही तसेंच. तंबूचें आजचें कापड पाहतां पाहतां पेट घेतें.

विजेच्या दिव्याचा प्रवास मोठा मजेचा आहे. लक्लांशे ह्या फ्रेंच संशोधकानें १८६६ सालीं केलेला घट ओला होता. तो खिशांत घालून कोठें नेण्यासारखा नव्हता. जर्मनींत गासनर ह्यानें १८८६ सालीं कोरडा घट सिद्ध केला, आणि १८९९ सालीं अमेरिकेंत मिसेल ह्याला नळीच्या आकाराच्या विजेरीचें पेटंट मिळालें. त्या काळचे सेल दुबळे आणि दिव्यांतली कार्बनची तार खर्चिक. त्यामुळें सतत उजेड मिळत नसे, क्षणभर लखकन् पडे. म्हणूनच अमेरिकेंत तिला ‘फ्लॅशलाइट’ हें नांव पडलें, आणि दिवे सुधारले तरी तें चिकटूनच राहिलें. मराठींत ग्रंथकारांनीं ‘विजेरी’ हा सुरेख शब्द केला. घरोघर मात्र लोक तिला बॅटरीच म्हणतात.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षें विजेरींत मूळचा फरक पडला नाहीं. तार बदलली, सेल सुधारले, पण तत्त्व तेंच : बारीक तार तापवावयाची आणि उजेडापेक्षां उष्णताच अधिक मिळवावयाची. खरी क्रांति एलईडीनें केली. तांबडी एलईडी १९६२ पासून होती. परंतु निळ्या रंगाचा प्रखर उजेड देणारी एलईडी जपानांत नाकामुरा ह्यानें १९९३ सालीं पुढें आणली, आणि त्या निळ्या उजेडावर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप देऊन पांढरा उजेड मिळूं लागला. ह्या कामाबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा ह्या तिघांना २०१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. जुन्या विजेरींतला तारेचा लहान दिवा एका वॅटमागें दहा-एक लुमेन उजेड देई. आजची चांगली एलईडी शंभराहून अधिक देते. दोन-तीन जाडे सेल घालून जो उजेड पडे, तो आज भिंतीवरच्या घड्याळांतल्या एका सेलावर पडतो. शिवाय एलईडींत तुटण्यासारखी तार नाहीं. दगडावर आपटली कीं विजेरी मेली, हा अनुभव मागच्या पिढीचा; चांगल्या बांधणीची आजची विजेरी त्यांतून सहसा वांचते.

आतां दुकानांत जाऊन पाहावें. कांचेच्या पेटींत वीस प्रकार मांडलेले असतात आणि प्रत्येकाच्या खोक्यावर मोठमोठे आकडे छापलेले असतात. ह्या आकड्यांचा अर्थ कळला तर निवड अर्धी झाली. बऱ्याच प्रामाणिक कारखानदारांनीं २००९ सालीं अमेरिकेंत ठरलेलें एफएल-१ नांवाचें प्रमाण मान्य केलें आहे. त्यांत प्रत्येक आकडा कसा मोजावा, हें ठरवून दिलेलें आहे. लुमेनचा आकडा म्हणजे दिव्यांतून एकंदर किती उजेड बाहेर पडतो तो. पण तो मोजावयाचा दिवा लावल्यापासून अर्ध्या मिनिटानें ते दोन मिनिटांच्या आंत. अर्थात् पुढें दिवा तापून त्यानें आपला उजेड आपणच कमी केला, तरी खोक्यावरचा आकडा खोटा ठरत नाहीं. किती तास चालेल, ह्या आकड्याची गोष्ट आणखी गंमतीची आहे. उजेड आरंभीच्या दहाव्या हिश्शावर येईपर्यंतचा सर्व वेळ त्यांत धरला जातो. ‘४० तास’ असें वाचून मनुष्य खूष होतो, पण त्या ४० तासांपैकीं पुष्कळसे तास दिवा मिणमिणतच असूं शकतो. कित्येक खोक्यांवर उजेड कसकसा उतरत जातो ह्याची रेघ काढलेली असते. ती रेघ बराच वेळ सपाट राहून मग खालीं येत असेल तर दिव्याच्या आंत वीज नियंत्रित करण्याची सोय आहे असें समजावें. असा दिवा घेण्यासारखा.

आणि मीटरचा आकडा ? येथें कोजागिरीचें चांदणें पुन्हां भेटतें. ‘२०० मीटर’ म्हणजे २०० मीटरवर पाव लक्स एवढा उजेड पडतो. आणि पाव लक्स म्हणजे मोकळ्या मैदानांत पडणारें पौर्णिमेचें लख्ख चांदणें, असें ह्या प्रमाणांत गृहीत धरलें आहे. तेव्हां त्या अंतरावर झाड आहे कीं मनुष्य, एवढेंच कळावयाचें. निम्म्या अंतरावर, म्हणजे १०० मीटरवर, उजेड चौपट होतो, आणि ५० मीटरवर सोळापट. उलट, झोत दुप्पट लांब हवा असेल तर त्याची तीव्रता चौपट लागते, आणि ती चौपट वीज बहुधा सेलालाच पुरवावी लागते. किंवा दिव्यामागची वाटी मोठी घ्यावी, पण मग दिवा खिशांत मावत नाहीं. लांबचा झोत, लहान आकार आणि दीर्घ आयुष्य हीं तिन्हीं एकत्र मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार ‘आहे ना’ म्हणून सांगेल. पदार्थविज्ञान सांगणार नाहीं.

ज्या खोक्यावर कोणत्याही प्रमाणाचा उल्लेख नाहीं आणि दहा हजार, पन्नास हजार लुमेन असे आकडे आहेत, तें खोकें खालीं ठेवावें. तसेंच १८६५० नांवाच्या, म्हणजे १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब अशा लिथियम सेलावर ९९०० मिलिअँपिअर-तास असें छापलेलें आढळतें. त्या आकाराच्या चांगल्यांत चांगल्या सेलांत साधारण ३५०० च्या आसपास वीज मावते. जो आकडा उघडउघड खोटा आहे, तो लिहिणाऱ्यानें आंतल्या कामांत सचोटी ठेवली असेल अशी आशा धरण्याचें कारण नाहीं. आणि हलक्या प्रतीचा लिथियम सेल पेटण्याचें भयही असतें.

मग उजेड हवा तरी किती ? येथें शहरी मनुष्याचा अंदाज हटकून चुकतो. काळोखांत वीस ते तीस मिनिटें राहिल्यावर डोळे इतके सरावतात कीं, तंबूंत पिशवी उघडून वस्तु शोधण्यास, पोळीभाजी वाढण्यास किंवा पुस्तक वाचण्यास पांच-दहा लुमेन पुष्कळ होतात. मळलेल्या वाटेनें चालण्यास तीस ते पन्नास पुरतात. खडकाळ उतार असेल, वाट चुकली असेल आणि पुढची खूण शोधावयाची असेल, तर शंभर-दोनशें लुमेनचा झोत हवा, पण तो थोडा वेळ. ह्यावरून असें दिसेल कीं, दिव्याची खरी परीक्षा तो सर्वांत मोठा किती होतो ह्यांत नसून सर्वांत लहान किती होतो ह्यांत आहे. हिशेबही त्याच बाजूनें आहे. घड्याळांतल्या अल्कलाइन सेलांत अडीच-तीन वॅट-तास वीज असते. शंभर लुमेनवर ती अडीच-तीन तासांत संपते. दहा लुमेनवर सारी रात्र, पुढची रात्र, आणि कदाचित् तिसरीही निघते.

सरावलेली नजर एका लखलखीत झोतानें क्षणांत नाहींशी होते आणि पुन्हां यावयास तितकाच वेळ लागतो. म्हणून कांहीं दिव्यांत तांबडा उजेड ठेवलेला असतो. काळोखांत पाहणाऱ्या नेत्रपेशी तांबड्या रंगाला जवळजवळ दाद देत नाहींत, त्यामुळें मंद तांबड्या उजेडांत नकाशा पाहूनही डोळ्यांचा काळोख मोडत नाहीं. आकाशदर्शनाला जाणारांना ही सोय फार मोलाची आहे. शेजारीं निजलेल्या माणसालाही ती आवडते. गडावरच्या गुहांत वटवाघळें असतात, त्यांच्यावर पांढरा झोत मारून पाहण्याची हौस पुष्कळांना येते. ती आवरलेली बरी.

रात्रीच्या दिव्याचें सर्वांत मोठें काम मात्र पायाखालीं आहे. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतांत सुमारे १२ लाख माणसें सर्पदंशानें दगावलीं, असा अंदाज दिला आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. हीं माणसें बहुतेक खेड्यांतलीं, शेतांत राबणारीं. हौशी प्रवासी त्यांत थोडेच असतील. परंतु साप शेतकरी कोणता आणि प्रवासी कोणता हें विचारीत नाहीं. नाग पाय वाजल्यावर कदाचित् बाजूला होईल. घोणस आणि फुरसें ह्यांचा भरंवसा नाहीं. तीं रंगानें पाचोळ्यांत मिसळून निपचित पडून राहतात, आणि काठी आपटली म्हणून जागा सोडतीलच असें नाहीं. तेथें उजेडच पाहिजे, आणि तोही असा कीं, तपकिरी पाचोळ्यावरची तपकिरी नक्षी वेगळी दिसेल. निळसर पांढऱ्या उजेडांत तपकिरी व तांबडे रंग मरतात. किंचित् पिवळसर, रंग यथार्थ दाखविणाऱ्या उजेडांत ते उठून दिसतात. दुकानांत दिवा पाहतांना तो भिंतीवर न मारतां हाताच्या तळव्यावर मारून पाहावा. तळहात मढ्यासारखा दिसला तर तो दिवा रानांत नेण्याच्या लायकीचा नाहीं. पिवळसर उजेडाकडे किडेही कमी येतात, हा आणखी एक लाभ. मण्यार तर रात्रींच हिंडते आणि जमिनीवर निजलेल्यांच्या अंथरुणांत शिरते. तेव्हां निजण्यापूर्वीं अंथरुण आणि पहांटे बूट झटकून, उजेडांत पाहून घ्यावे. त्यासाठीं दिवा उशाशीं, हात लांब केला कीं लागेल असा ठेवावा लागतो. पिशवीच्या तळाशीं ठेवलेला दिवा रात्रीं दोन वाजतां नसल्यासारखाच आहे.

दिवा डोक्याला बांधावा कीं हातांत धरावा, ह्याबद्दल गिर्यारोहकांत वाद चालतात. दोन्ही हात मोकळे राहतात म्हणून डोक्याचा दिवा उत्तम, ह्यांत शंका नाहीं. चढतांना, चूल पेटवितांना, जखम बांधतांना तिसरा हात कोठून आणावयाचा ? तीन बारीक सेल घालावयाचा असा दिवा सेलांसकट ऐशी-नव्वद ग्रॅमच भरतो. पण त्यांत एक दोष आहे. उजेड डोळ्यांच्या रेषेंतूनच पडत असल्यामुळें वस्तूंच्या सांवल्या वस्तूंच्याच मागें लपतात, आणि खड्डा व सपाट जागा सारखींच दिसूं लागतात. हातांतला दिवा कमरेच्या खालीं धरला म्हणजे लहानशा दगडाचीही लांब सांवली पडते आणि वाटेचा उंचसखलपणा डोळ्यांना कळतो. पावसाळ्यांत तर हा भेद फारच जाणवतो. भीमाशंकराच्या रानांत धुकें उतरलें म्हणजे कपाळावरचा प्रखर दिवा पुढें पांढरी भिंत उभी करतो. धुक्यांतले थेंब तो उजेड परत डोळ्यांतच टाकतात. अशा वेळीं उजेड वाढविण्याची बुद्धि होते, आणि ती नेमकी उलट आहे. दिवा कपाळावरून काढून गुडघ्याच्या उंचीवर धरावा आणि मंद करावा, म्हणजे वाट दिसूं लागते. ह्या सर्वांचा निकाल असा कीं, एकच दिवा घेण्याची ऐपत असेल तर तो डोक्याचा घ्यावा, पण पट्ट्यांतून चटकन् निघून हातांत धरतां येईल असा. दोन घेतां येत असतील तर दुसरी बोटाएवढी विजेरी गळ्यांत दोरीनें अडकवावी. पहिल्या दिव्याचा सेल काळोखांत बदलतांना दुसऱ्याचें महत्त्व कळतें. डोक्याला दिवा बांधणाऱ्यानें बोलतांना दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहूं नये, हा शिष्टाचारही शिकून घ्यावा.

सेलांच्या बाबतींत घरोघर फार हयगय होते. साधे जस्त-कार्बनचे सेल स्वस्त असतात, पण एलईडीच्या जोरदार मागणीपुढें लवकर दमतात आणि पाझरतात. अल्कलाइन सेल अधिक टिकतात. तेही विजेरींत घालून वर्षभर विसरले तर पाझरतातच. हा पाझर क्षाराचा असल्यामुळें लिंबाचा रस किंवा शिरका कापसाला लावून पुसला असतां निघतो, आणि विजेरी पुष्कळदां वांचते. जुना सेल आणि नवा सेल एकत्र घालूं नये; दुबळा सेल आधीं संपतो, आणि मग नवा त्याच्यांतून जबरीनें वीज ढकलूं लागतो. भरून पुन्हां वापरतां येणारे निकेलचे सेल दीड व्होल्टऐवजीं १·२ व्होल्ट देतात, पण चांगल्या दिव्याचें त्यावांचून अडत नाहीं, आणि वारंवार प्रवास करणाऱ्या घराला ते परवडतात. न भरतां येणारे लिथियमचे सेल महाग, परंतु वजनाला अल्कलाइनच्या दोन-तृतीयांशच आणि थंडीला दाद न देणारे. हिमालयांत बर्फाच्या रेषेजवळ जाणारांनीं तेच न्यावेत. अल्कलाइन सेल शून्य अंशाखालीं इतका मंदावतो कीं, तो संपला असें वाटून माणसें टाकून देतात. अंगाशीं धरून ऊब दिली तर तोच पुन्हां चालूं लागतो. रात्रीं दिवा पांघरुणांत घेऊन निजण्याची गिर्यारोहकांची चाल ह्यामुळेंच पडली आहे.

आजकाल दिव्यांतच लिथियमचा सेल बसवून मोबाइलच्या तारेनें तो भरण्याची सोय असते. दोन रात्रींच्या गडासाठीं हें उत्तम. मात्र आंतला सेल काढतां येत नसेल तर तो थकला म्हणजे सारा दिवा टाकावा लागतो, आणि तिसऱ्या रात्रीं भरावयास वीज नसेल तर पिशवींत एक शोभेची वस्तु उरते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या एखाद्या लहान दुकानांत घड्याळाचा सेल मिळण्याचा संभव पुष्कळ; १८६५० मिळण्याचा जवळजवळ नाहीं. म्हणून लांबच्या प्रवासाला ज्यांत दोन्ही प्रकार चालतात असे दिवे निघाले आहेत, ते पाहावेत. विमानानें जाणारांनीं सुटे लिथियम सेल बरोबरच्या पिशवींतच ठेवावेत, सामानांत देऊं नयेत, आणि त्यांचीं टोकें एकमेकांस किंवा किल्ल्यांस लागणार नाहींत अशा डबींत घालावेत; नियमच तसा आहे. हातानें फिरवून वीज करण्याचे व उन्हांत भरण्याचे दिवेही मिळतात. पहिल्यानें हात दुखतो. दुसरा पावसाळ्यांत सह्याद्रींत न्यावा असें कोणी सुचविणार नाहीं.

टिकाऊपणाबद्दल खोक्यावर आणखी दोन खुणा असतात. किती उंचीवरून फरशीवर पडला तरी दिवा चालतो, तो एक मीटरचा किंवा अधिकचा आकडा. आणि पाण्याविषयींचा आयपी हा संकेत. त्यांतला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा; पहिल्याच्या जागीं एक्स असेल तर धुळीची परीक्षा नोंदविलेली नाहीं. शेवटीं ४ असेल तर चोहोंकडून उडणारे शिंतोडे सोसतो, ७ असेल तर एक मीटर पाण्यांत अर्धा तास राहतो. कोंकणांतला व घाटमाथ्यावरचा पाऊस शिंतोड्यांच्या व्याख्येंत बसत नाहीं. तेथें ७ पाहिजे. पाणी अडवितें तें झाकणाच्या पेचाजवळचें बारीक रबरी कडें. त्याला वर्षांतून एकदां सिलिकोनचें वंगण बोटानें लावावें आणि माती पुसावी. अंग धातूचें कीं प्लॅस्टिकचें, ह्याला लोक वाजवीपेक्षां अधिक महत्त्व देतात. चांगलें प्लॅस्टिक आपटणें चांगलें सोसतें आणि थंडींत हाताला चावत नाहीं. बटण मात्र कसून पाहावें. ओल्या, गारठलेल्या बोटांनीं लागावें, पण पिशवींत दडपणानें आपोआप लागूं नये, इतकें तें बेताचें असावें. पिशवींत दिवा रात्रभर जळून सकाळीं मेलेला सांपडणें, ही फार नेहमींची गोष्ट आहे. पुष्कळ विजेऱ्यांत मागचें झाकण अर्धा फेरा सैल केलें कीं वीज तुटते. तें ज्यांत होत नसेल, त्यांत सेल आणि स्प्रिंग ह्यांच्यामध्यें कागदाचा कपटा घालावा.

तंबूंत टांगण्यासाठीं वेगळा दिवा घ्यावा काय ? पांच-सहा माणसांचें कुटुंब असेल तर घ्यावा. एरवीं पाण्यानें भरलेल्या पांढरट बाटलीवर डोक्याचा दिवा उलटा टेकवून ठेवला कीं सारी बाटली उजळते आणि पानावर बसलेल्या सर्वांना पुरेसा उजेड मिळतो.

निघण्याच्या आदल्या आठवड्यांत, आदल्या रात्रीं नव्हे, घरांतले दिवे मालवून प्रत्येकानें आपल्या विजेरीचा सेल एकदां काळोखांत बदलून पाहावा. सेलाची उलटसुलट बाजू बोटांनीं ओळखतां येते कीं नाहीं, हें तेव्हांच कळतें. मुलांना हा खेळ वाटतो आणि तीं वडील माणसांपेक्षां लवकर शिकतात. त्याच वेळीं त्यांना संकटाचा संकेतही शिकवून ठेवावा. क्लिंटन डेंट ह्या इंग्रज गिर्यारोहकाच्या पुढाकारानें १८९४ सालीं आल्प्स पर्वतांत ठरलेला तो संकेत सोपा आहे : एका मिनिटांत सारख्या अंतरानें सहा वेळां दिवा दाखवावयाचा, मग एक मिनिट थांबावयाचें, आणि पुन्हां सहा. ज्याला तो दिसेल त्यानें मिनिटाला तीन वेळां दिवा दाखवून उत्तर द्यावयाचें. तोलार खिंडीवर खोळंबलेल्या त्या चौघांना खालच्या गांवांतून असें उत्तर येईलच असें नाहीं. परंतु शोधावयास निघालेली माणसें रात्रीं डोंगराच्या कोणत्या सोंडेवर चढावयाचें, हें त्या सहा लकाकींवरून ठरवूं शकतात. उत्तर आलें तरी संकेत थांबवावयाचा नसतो. माणसें जवळ येऊन पोंचेपर्यंत तो चालूंच ठेवावयाचा असतो, आणि तोंपर्यंत सेल पुरला पाहिजे.